‘सलाईन’ म्हणू नकोस, बाटलीचं नाव घे

प्रिय अक्का,

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेली) आहे, वय २३. खानापूर तालुक्यातल्या एका पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये लागून आठ महिने झाले. परवा रात्री सिझर झालेल्या एका बाईला आरएल (रिंगर लॅक्टेट) चालू होतं. आठ वाजता सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक १ ग्रॅम द्यायचं होतं आणि शंभर मिलीचं एनएस (नॉर्मल सलाईन) संपलेलं. सिनियर सिस्टर म्हणाल्या, “चालू बाटलीतच घाल की, सगळं सलाईनच!” आरएलमध्ये हे चालत नाही असं कॉलेजात ऐकल्याचं अंधुक आठवत होतं, म्हणून मी हात आखडला. मग काय करायचं ते मात्र मला सांगता येईना. सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. शेवटी त्यांनीच शेजारच्या पेशंटच्या बाटल्यांतली एक एनएस उसनी आणून दिली. बाईला काही झालं नाही. कदाचित माझंच चुकलं असेल. पण कुठलं औषध कशात घालायचं हे मला नीट येत नाही. डब्यातल्या कागदावरचं बारीक इंग्रजी वाचेपर्यंत डोसची वेळ निघून जाते. आई म्हणते, नवीन नोकरी आहे, तोंड उघडू नकोस. मी काय करू?

– एक स्टाफ नर्स, खानापूर तालुका

अगं पोरी,

तुझं चुकलं नाही. हात आखडलास ते बरोबरच केलंस. अडलं ते पुढे. ‘हे नको’ एवढं तुला माहीत होतं, ‘मग हे घेऊ’ म्हणायला तुझ्याजवळ काही नव्हतं. तेवढं आलं असतं तर बोलणीही खावी लागली नसती, असं मला वाटतं. सिनियरलाही आठ वाजताचा डोस आठला जायला हवा होता. त्यांचा राग तुझ्या शंकेवर कमी आणि अडलेल्या कामावर जास्त असणार.

त्यांचं ते वाक्य मात्र मनातून जात नाही. “सगळं सलाईनच.” चाळीस वर्षं वॉर्डात ऐकलंय हे. आपल्या भागात टांगलेली कुठलीही बाटली म्हणजे सलाईन. चंदगडकडून आलेला म्हातारा म्हणतो, “एक सलाईन लावा, जरा ताकद येऊ दे.” बैलहोंगलकडची आजी कन्नडात म्हणते, “ग्लुकोज हाक्री,” म्हणजे ग्लुकोज लावा. दोघं मागतात ती वस्तू एकच. पेशंटनं म्हणावं, त्याचं काही बिघडत नाही. पण तोच शब्द आपल्या तोंडी आला, तिथून चिठ्ठीवर उतरला, की नातेवाईक मेडिकलमध्ये जाऊन “सलाईन द्या” म्हणतो आणि दुकानदार हाताला येईल ती बाटली देतो. कधी आरएल, कधी डीएनएस. ती वॉर्डात येते, ट्रॉलीवर चढते आणि रात्री आठला तुझ्या हातात येते. म्हणून पहिली सवय ही लाव: बाटलीला तिच्या नावानं हाक मार. चिठ्ठीवरसुद्धा ‘एनएस १०० मिली’ असं पूर्ण लिही.

आता बाटल्यांच्या आत काय आहे ते बघ. एनएस म्हणजे मिठाचं पाणी, १०० मिलीत ०.९ ग्रॅम मीठ. डी-फाइव्ह म्हणजे साखरेचं पाणी, १०० मिलीत ५ ग्रॅम डेक्स्ट्रोज. डीएनएसमध्ये ही दोन्ही. आणि आरएलमध्ये मीठ, पोटॅशियम, लॅक्टेट आणि कॅल्शियम. रक्तस्राव झालेल्या, जुलाबानं सुकलेल्या पेशंटला आरएल उत्तम, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण औषध विरघळवायचं म्हटलं की त्यातलं कॅल्शियम आडवं येतं.

सेफ्ट्रियाक्सोन आणि कॅल्शियम एकत्र आले की त्यांचे न विरघळणारे कण तयार होतात. कधी नळीत पांढुरका धुरळा दिसतो, दूध नासायला लागलं की दिसतं तसा. कधी कण इतके बारीक असतात की दिव्यासमोर धरूनही कळत नाहीत. दिसलं नाही म्हणजे झालं नाही, असं या बाबतीत म्हणता येत नाही. नवजात बाळांना सेफ्ट्रियाक्सोन आणि कॅल्शियम दोन्ही दिल्यावर मृत्यू झाले आणि तपासणीत फुप्फुसांत, मूत्रपिंडांत हे कण सापडले. त्यानंतर २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सगळ्याच वयाच्या पेशंटबाबत कडक इशारा दिला. २००९ मध्ये तो थोडा सैल केला. आजचा नियम असा आहे: २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला शिरेतून कॅल्शियम असलेलं काहीही चालू असेल किंवा लागणार असेल, तर सेफ्ट्रियाक्सोन द्यायचंच नाही. वेगळ्या हाताला, वेगळ्या शिरेतूनही नाही. त्याहून मोठ्या पेशंटला एकामागून एक देता येतं, पण मधे नळी नीट धुऊन. एका बाटलीत मिसळणं किंवा वाय-पोर्टमधून (नळीच्या जोडातून) दोन्ही एकाच वेळी सोडणं कुणालाच चालत नाही. कॅल्शियम ग्लुकोनेटलाही हेच लागू. आयसोलाइट नावाखाली मिळणाऱ्या बाटल्यांपैकी काहींतही कॅल्शियम असतं, तेव्हा नाव वाचून थांबू नकोस, खालचा घटकांचा मजकूरही बघ.

तर त्या रात्री काय करता आलं असतं? कपाटात डी-फाइव्हची शंभर मिलीची बाटली नक्की असणार. सेफ्ट्रियाक्सोनला डी-फाइव्ह चालतं. आरएल बंद करायचं, कॅन्युला (शिरेतली नळी) १० मिली एनएसनं धुवायची, डी-फाइव्हमधलं औषध अर्ध्या तासात सोडायचं, परत धुवायचं आणि मग आरएल चालू. धुवायला एनएसचा छोटा अँप्यूलही नसेल तर थोडं डी-फाइव्ह सोडूनही नळी साफ होते. दुसरी वाट अशी की व्हायलबरोबर (औषधाच्या कुपीबरोबर) येणाऱ्या १० मिली पाण्यात औषध विरघळवून, डॉक्टरांना विचारून, सिरिंजनं पाचेक मिनिटांत सावकाश देणं. त्यालाही आधी आणि नंतर धुणं आलंच. “सिस्टर, आरएल नको, त्यात कॅल्शियम आहे, मी डी-फाइव्हमध्ये लावते” एवढं एक वाक्य. सिनियरनं “बरं, लाव” म्हटलं असतं आणि पुढच्या खाटेकडे वळल्या असत्या.

बाई मधुमेहाची असती तर? “शुगरवाल्याला ग्लुकोज?” म्हणून तुला कुणीतरी हटकणारच. शंभर मिली डी-फाइव्हमध्ये ५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचा एक चमचा. डॉक्टरांच्या कानावर घाल, शुगर बघ, पण तेवढ्यासाठी आरएलकडे हात नेऊ नकोस. उलट हार्ट फेल्युअरच्या पेशंटला दिवसातून पाच-सहा वेळा शंभर-शंभर मिली एनएस जात असेल तर ते पाणी आणि मीठ इनटेकमध्ये धरलं जातंय का, ते बघ. अँटिबायोटिकचं पाणी चार्टवर लिहायला आपण सगळेच विसरतो.

डी-फाइव्ह सगळ्याला चालतं असा मात्र अर्थ काढू नकोस. अँपिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड (ज्याला आपण सगळे अमॉक्सिक्लॅव म्हणतो) यांना साखर मानवत नाही. डेक्स्ट्रोजमध्ये ही औषधं पटापट मोडतात. गढूळ होत नाहीत, रंग फारसा बदलत नाही, बाटली बघून काहीच कळत नाही. पेशंटला वेळेवर डोस गेला असं चार्ट सांगतो आणि ताप उतरत नाही. मग डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडत नाही, वरचं लिहू. या दोघांना एनएसच. अमॉक्सिक्लॅव १.२ ग्रॅम २० मिली पाण्यात विरघळलं की लगेच, वीस मिनिटांच्या आत, १०० मिली एनएसमध्ये घालायचं आणि अर्ध्या-पाऊण तासात संपवायचं. अँपिसिलिन विरघळल्यापासून तासाभरात पेशंटला गेलं पाहिजे. मेरोपेनेमलाही एनएस बरं. डी-फाइव्हमध्ये घालायची वेळ आलीच तर बाटली तयार झाल्या झाल्या लाव, ठेवून देऊ नकोस. पायपेरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम दोन्हींत चालतं, २० मिलीत विरघळवून, १०० मिलीत, अर्ध्या तासात. काही कंपन्यांच्या या औषधाला आरएल चालत नाही, तेव्हा तिथेही आरएल वगळलेलंच बरं.

तू ‘घालायचं’ हा एकच शब्द वापरलायस. त्यात दोन वेगळी कामं आहेत. पहिलं, पावडर विरघळवणं. ते व्हायलमध्येच, बहुतेक वेळा स्टराइल वॉटरनं. दुसरं, ते घट्ट औषध मोठ्या बाटलीत पातळ करणं. विरघळवायला पाच-दहा मिली स्टराइल वॉटर ठीक आहे, पण पातळ करायला शंभर मिली नुसतं स्टराइल वॉटर कधीही नाही. मीठ-साखर नसलेलं पाणी शिरेत गेलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुगून फुटतात. आणि एक. सेफ्ट्रियाक्सोन कमरेत द्यायचं असेल तर दुखू नये म्हणून काही ठिकाणी लिग्नोकेनमध्ये विरघळवतात. तशी विरघळवलेली व्हायल शिरेत जाता कामा नये. ट्रॉलीवर अर्धी व्हायल दिसली आणि कशात विरघळवलीय ते लिहिलेलं नसलं, तर सरळ फेकून दे. शंभर रुपयांची व्हायल गेली म्हणून कुणी ओरडलं तर ओरडू दे.

लहान मुलांच्या बाबतीत या पहिल्या कामातच गफलत होते. पावडरही जागा घेते. सेफ्ट्रियाक्सोन १ ग्रॅममध्ये ९.६ मिली पाणी घातलं तर एकूण १० मिली होतं आणि १ मिलीत बरोबर १०० मिग्रॅ येतं. सरळ १० मिली पाणी घातलंस तर औषध थोडं पातळ होणार. पूर्ण व्हायल जाणाऱ्या मोठ्या माणसाला यानं काही फरक पडत नाही. पण दीड मिली काढून बाळाला द्यायचं असेल तर पडतो. प्रत्येक औषधाचा हा आकडा वेगळा असतो आणि तो त्या बारीक इंग्रजीतच असतो. मुलांच्या डोसला दोघींनी वेगवेगळा हिशेब करायचा आणि उत्तर जुळलं तरच सिरिंज भरायची. ही शिस्त तू एकटीनं जरी सुरू केलीस तरी दुसरी येऊन उभी राहते, असा माझा अनुभव आहे.

आता माझी एक गोष्ट. सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी तिशीत होते, एका मोठ्या हॉस्पिटलात. ऊसतोडीत पाय कापून सडलेला एक माणूस होता, त्याला व्हँकोमायसिन लिहिलेलं. मी १ ग्रॅम शंभर मिलीत घातलं आणि ड्युटी संपायच्या आत बाटली उतरवायची म्हणून रोलर (थेंबांचा वेग ठरवणारं चाक) मोकळा सोडला. वीस मिनिटांत बाटली रिकामी. माणूस मानेपासून वर लालबुंद, अंगभर खाज, बीपी खाली. मी “रिअॅक्शन, रिअॅक्शन” म्हणत धावले. एविल (ॲलर्जीवरचं इंजेक्शन) दिलं, पाय वर केले, तासाभरात सावरला. मी फाइलवर मोठ्या अक्षरांत ‘ॲलर्जी’ लिहायला निघाले होते. सरांनी पेन धरलं आणि विचारलं, “किती वेळात दिलंस?” दुसऱ्या दिवशी तेच औषध दुप्पट पाण्यात, पावणेदोन तासांत गेलं आणि त्याच्या कानाची पाळीसुद्धा लाल झाली नाही. त्याला ॲलर्जी नव्हती, मला घाई होती. त्या दिवशी सरांनी पेन धरलं नसतं तर त्या माणसाचं एक चांगलं औषध माझ्यामुळे कायमचं बंद झालं असतं.

व्हँकोमायसिनचा हिशेब डोक्यात बसव: १ मिलीत ५ मिग्रॅपेक्षा घट्ट नाही आणि मिनिटाला १० मिग्रॅपेक्षा वेगानं नाही. म्हणजे १ ग्रॅमला किमान २०० मिली आणि किमान शंभर मिनिटं. छोट्या ठिकाणी शंभर मिलीच्याच बाटल्या असतात. मग दोन बाटल्यांत ५००-५०० मिग्रॅ घालून एकीमागून दुसरी लाव. आपल्याकडचा साधा सेट २० थेंबांना १ मिली देतो (पाकिटावर छापलेलं असतं, एकदा बघून घे), तेव्हा २०० मिली शंभर मिनिटांत म्हणजे मिनिटाला ४० थेंब. शंभर मिली अर्ध्या तासात द्यायचं तर ६७. घड्याळ हातात धरून थेंब मोजायला लाजू नकोस. अंदाजानं रोलर फिरवणाऱ्या सिस्टर हुशार दिसतात, एवढंच.

घाई आणखी तीन ठिकाणी महागात पडते. क्लिंडामायसिन पातळ न करता सिरिंजनं शिरेत ढकललं तर हृदय बंद पडू शकतं. ६०० मिग्रॅ ५० किंवा १०० मिलीत, वीस मिनिटांच्या आत नाही. ॲझिथ्रोमायसिन ५०० मिग्रॅ २५० मिलीत एका तासात किंवा ५०० मिलीत तीन तासांत. ते बोलस (सिरिंजनं एकदम) नाही, कमरेतही नाही. अमिकासिन शंभर मिलीत अर्धा ते एक तास. मेट्रोनिडॅझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, लिनेझोलिड या तयार बाटल्याच येतात. त्यांच्यात काही म्हणजे काही घालायचं नाही. सिप्रो आणि लिव्हो तासापेक्षा कमी वेळात नाही, लिव्हो ७५० मिग्रॅ असेल तर दीड तास. आणि कधी बुरशीच्या आजारासाठी ॲम्फोटेरिसिन आलं तर सगळं उलटं: त्याला डी-फाइव्हच लागतं, मिठाच्या पाण्यात ते फुटतं. नळीत आधीचं एनएस असेल तर तेही डी-फाइव्हनं धुऊन काढायचं.

आठ वाजता एकाच पेशंटला तीन अँटिबायोटिक आणि कॅन्युला एकच, ही आपली रोजचीच अडचण. म्हणून काही जणी एका बाटलीत दोन घालून मोकळ्या होतात. जेंटामायसिन किंवा अमिकासिन हे पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिनच्या जातीच्या औषधांबरोबर एका बाटलीत घातलं तर एकमेकांना मारतात. इथेही डोळ्यांना काही दिसत नाही. एका सिरिंजमध्ये एक औषध, एका बाटलीत एक औषध, मधे १० मिलीची धुलाई. कमी वेळात जाणारं आधी लाव, तासाभराचं नंतर. आणि डॉक्टरांना दिवसा विचारून ठेव की तिन्ही आठलाच हवीत की एखादं नऊला चालेल. बहुतेक वेळा चालतं, त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

टांगलेल्या बाटलीत वरून सुई खुपसून औषध सोडू नकोस. औषध खाली सेटच्या तोंडाशी साचतं आणि पहिल्या काही मिनिटांत घट्टच्या घट्ट शिरेत जातं. बाटली उतरव, रोलर बंद कर, औषध घाल, दोन-चार वेळा उलटसुलट कर, उजेडात धरून बघ, मग टांग. बाटली रिकामी झाल्यावरही सेटच्या नळीत साधारण पंधरा मिली उरतं. शंभर मिलीत १ ग्रॅम असेल तर दीडशे मिग्रॅ औषध नळीतच राहिलं, आणि आपण सेट काढून बादलीत टाकतो! म्हणून शेवटी थोडं एनएस सोडून नळीतलं औषध पेशंटपर्यंत पोचव.

एक दृश्य तुझ्याकडेही असणार, पैज लावते. ट्रॉलीवर ५०० मिलीची एनएस, तिच्या बुचात कायमची खोचलेली सुई, आणि सकाळपासून सगळ्या पेशंटांचं औषध त्याच बाटलीतून पातळ होतंय. ही बाटली बघितली की माझ्या अंगावर काटा येतो. एका हाताची घाण, एका वापरलेल्या सिरिंजचा थेंब, आणि ती बाटली सगळ्या वॉर्डाच्या रक्तात जंतू पोचवते. एका पेशंटची कावीळ दुसऱ्याला लागण्याच्या वाटांपैकी ही एक आहे. दहा मिलीचे अँप्यूल घे, एकदा फोडला की उरलेला फेक. शेजारच्या पेशंटची सीलबंद बाटली उसनी घेणं वेगळं, उघडी बाटली वाटून घेणं वेगळं. तुझ्या सिनियरनं पहिलं केलं, त्यात वावगं काही नाही. फक्त दुसऱ्या दिवशी त्या पेशंटची भरपाई झाली का ते बघ, बिल त्याच्या नावावर पडतं.

पहाटे सहाचे डोस रात्री दोनलाच भरून ठेवणं, हेही सोड. झोप येते, मला माहीत आहे. पण कागदावर ‘खोलीच्या तापमानाला इतके तास’ लिहिलेलं असतं ती खोली बहुधा २५ अंशांची असते. एप्रिलात अथणी-रायबागकडच्या वॉर्डात लाइट गेली की पंखासुद्धा नसतो. तुमच्या खानापूरच्या पावसात थंड असेल, पण तिथला वॉर्डही मे महिन्यात तापतोच. तयार केलेल्या बाटलीवर चिकटपट्टी लाव: पेशंटचं नाव, औषध, डोस, कशात घातलं, किती वाजता, तुझी सही. प्लास्टिकच्या बाटलीवर थेट मार्करनं लिहू नकोस. सेफ्ट्रियाक्सोन फिकट पिवळं असतं, ते बघून घाबरू नकोस. गढूळ झालं, कण दिसले, तर कुणालाही न विचारता बाजूला ठेव. पहिला डोस लावलास की पाच-दहा मिनिटं त्या खाटेपाशीच काहीतरी काम काढ. अंगावर गांध्या, घसा आवळल्यासारखं, धाप दिसली तर बाटली बंद, डॉक्टरांना हाक, आणि ॲड्रेनलिन मोठ्या माणसाला ०.५ मिग्रॅ मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. ते ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात आहे का, ते आजच बघ. कुलपात असेल तर चावी कुणाकडे आहे, तेही.

राहिलं ते इंग्रजी कागदाचं आणि तोंड उघडण्याचं. रात्री आठला, डोस हातात घेऊन कागद वाचायचा नसतो. दुपारी तीनला, वॉर्ड झोपलेला असतो तेव्हा वाचायचा. तुमच्या कपाटात अँटिबायोटिक असून असून किती असतील? दहा, फार तर बारा. रोज एक कागद घे. पाचच गोष्टी शोध: कशात विरघळवायचं, किती मिलीत पातळ करायचं, कुठलं पाणी चालतं, कुठलं नाही, किती वेळात द्यायचं. एका पुठ्ठ्यावर मराठीत लिही. तुझी जोडीदारीण कन्नड शाळेतली असेल तर तिच्याकडून शेजारी कन्नडातही लिहून घे. दोन आठवड्यांत पुठ्ठा तयार होईल. कंपनी बदलली की कागद पुन्हा बघायचा, कारण औषधाची घडण बदलली की नियमही बदलू शकतात. मी वर लिहिलेले आकडेसुद्धा तुमच्या व्हायलच्या कागदाशी ताडूनच पुठ्ठ्यावर उतरव.

मग तो पुठ्ठा घेऊन आधी सिनियरकडे जा. डॉक्टरांकडे नको, आधी सिनियरकडे. “सिस्टर, एवढं लिहिलंय, चुकलंय का बघता?” म्हण. त्यांच्या हातून एखादी दुरुस्ती होऊ दे. वीस वर्षं रात्रपाळी केलेल्या बाईला तुझ्या कागदात नसलेल्या चार गोष्टी माहीत असतात, त्याही लिहून घे. मग दोघी मिळून डॉक्टरांची सही घ्या आणि औषधाच्या टेबलावर लावा. पुन्हा आठ वाजता कुणी म्हणालं “आरएलमध्येच घाल”, तर तुला तोंड उघडावं लागणार नाही, पुठ्ठ्याकडे बोट केलं तरी पुरे. तरीही कुणी ऐकलं नाही, तर डॉक्टरांना फोन लाव आणि फोन केल्याची वेळ नोंदव. आईला सांग की अक्कानं एवढी परवानगी दिलीय.

पुठ्ठ्यावर पहिली ओळ सेफ्ट्रियाक्सोनची लिही: एनएस किंवा डी-फाइव्ह, आरएल नाही. आणि दर शनिवारी शंभर मिलीच्या एनएस मोज. दहाच्या खाली आल्या की मेडिकलची चिठ्ठी त्याच दिवशी जाऊ दे, पूर्ण नावानं.

तुझी,
अक्का